द्राक्षबागेतला एक दिवस : नाशिकच्या वाइनरी पाहायला निघालेल्या नागपूरकरांसाठी

महाराष्ट्राच्या पूर्वेला संत्र्यांचे नागपूर आणि पश्चिमेला द्राक्षांचे नाशिक. या दोन शहरांमधले अंतर आतापर्यंत रात्रभराच्या रेल्वेप्रवासाचे होते. विदर्भ एक्स्प्रेस किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने निघायचे आणि नाशिक रोडला उतरायचे, हीच रीत होती. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मे २०२३ मध्ये रस्ता इगतपुरी तालुक्यातील भरवीरपर्यंत पोहोचला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीसाठी मोकळा झाला. त्यामुळे शिर्डी आणि त्र्यंबकेश्वराच्या जोडीने नाशिकच्या वाइनरीही दोन-तीन दिवसांच्या सुटीत पाहून होण्याजोग्या झाल्या आहेत.

वाइनरी पाहणे म्हणजे काय, याविषयी मात्र आपल्याकडे बराच घोळ आहे. बारमध्ये बसण्याचाच हा एक महागडा प्रकार, अशी एक समजूत. तर वाइन म्हणजे जणू द्राक्षांचा रस, तिला दारू म्हणणेच चुकीचे, अशी दुसरी. दोन्ही समजुती सारख्याच दिशाभूल करणाऱ्या आहेत. वाइनरी हा शेतमालावर प्रक्रिया करणारा कारखाना असतो आणि त्याची सहल ही मुळात शेती आणि कारखानदारी पाहण्याची सहल असते. शेवटी जे पेल्यात येते, ते मात्र मद्यच असते. ही सहल कशी आखावी, तेथे काय पाहावे आणि परतताना नागपूरकरांना कायद्याची कोणती अडचण येऊ शकते, याची माहिती येथे देत आहोत.

नाशिकच का?

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यातील थंड रात्री आणि निचरा होणारी जमीन ही नाशिकची जमेची बाजू. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते, वसंतात फुटते आणि शरदात तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. तिला छाटणीने वळण लावावे लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी होते आणि तिच्यावर फळ धरते. म्हणजे वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एकच. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. युरोपातले द्राक्षमळे त्या वेळी थंडीत गारठलेले असतात. नाशिकची सहल याच काळात का करावी, याचे उत्तर या वेळापत्रकात आहे. जूनमध्ये गेल्यास हिरवागार डोंगर आणि धबधबे दिसतील, पण वाइनरीतली यंत्रे स्वस्थ असतील आणि टाक्यांमध्ये आंबत असलेला रस पाहायला मिळणार नाही.

आपण बाजारात घेतो ती थॉम्पसन, सोनाका किंवा शरद ही खाण्याची द्राक्षे. त्यांची साल पातळ, दाणा मोठा आणि बी नाही. वाइनची द्राक्षे याच्या उलट असतात. दाणा लहान, साल जाड, आत बिया आणि चव इतकी गोड की दहा-बारा दाण्यांपलीकडे खाववत नाहीत. रंग, तुरटपणा आणि गंध सालीत असतो. म्हणून लहान दाणा चांगला, कारण रसाच्या मानाने साल अधिक मिळते. शनें ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, झिनफांडेल ही नावे वाइनरीत वारंवार कानी पडतील. पहिली दोन पांढऱ्या वाइनची, उरलेली तांबड्या वाइनची. उच्चार चुकला म्हणून कोणी हसत नाही. नाशिकचा द्राक्ष बागायतदारही या नावांना आपल्या पद्धतीने वळण देऊनच बोलतो.

चार दशकांची गोष्ट

नाशिकचे नाव आज वाइनशी जोडले गेले असले, तरी महाराष्ट्रात या उद्योगाचा पाया पुणे जिल्ह्यातील नारायणगावात घातला गेला. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन तयार केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही गेली. इंडेज या नावाने ओळखली जाणारी ही कंपनी पुढे फार वेगाने पसरली आणि २००८ नंतर कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. उच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. तिला द्राक्षे घातलेल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले.

नाशिकमधील कथा वेगळी आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून तेथेच नोकरी केलेले राजीव सामंत १९९० च्या दशकात मायदेशी परतले आणि नाशिकजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर शेतीचे प्रयोग करू लागले. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे साहाय्य त्यांना मिळाले आणि १९९९ मध्ये सुला वाइनरी उभी राहिली. आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’. २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. २००५ मध्ये सुलाने चव घेण्यासाठी स्वतंत्र दालन सुरू केले आणि ‘वाइन पर्यटन’ हा शब्द नाशिकमध्ये रुजला. २००८ पासून ‘सुलाफेस्ट’ हा संगीत महोत्सव भरू लागला. २०२० नंतर त्यात खंड पडला आणि २०२५ मध्ये तो पुन्हा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले.

या वाढीमागे सरकारचाही हात आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरविले. त्यापाठोपाठ नाशिक परिसरात वाइनरींचे पेव फुटले. शेतकऱ्यांनीही खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाइनची द्राक्षे लावली. मग २००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ला असे दोन तडाखे एकापाठोपाठ बसले. हॉटेले रिकामी पडली, वाइनची मागणी आटली, अनेक वाइनरी बंद पडल्या आणि कित्येकांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या. खाण्याचे द्राक्ष कोठेही विकता येते. वाइनच्या द्राक्षाला वाइनरीखेरीज गिऱ्हाईक नसते. कापसाच्या भावाने पोळलेल्या विदर्भातील वाचकाला यातला धोका समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच वाइनरीत फिरताना मार्गदर्शकाला एक प्रश्न अवश्य विचारावा : द्राक्षे स्वतःच्या बागेतली की करारावर शेतकऱ्यांकडून घेतलेली? करार असेल तर किती वर्षांचा, आणि भाव आधी ठरतो की तोडणीच्या वेळी? या प्रश्नाच्या उत्तरावरून वाइनरीची ओळख तेथील फर्निचरपेक्षा अधिक पटते.

कोठे जावे?

नाशिक जिल्ह्यातील वाइनरी सर्वत्र विखुरलेल्या आहेत. एका दिवसात सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. पर्यटकांच्या दृष्टीने दोन पट्टे सोयीचे.

पहिला पट्टा नाशिक शहराच्या पश्चिमेला, गंगापूर-सावरगाव रस्त्यावर. येथे सुला आहे. त्याच बाजूला यॉर्क आणि सोमा या वाइनरी आहेत. यॉर्क ही गुरनानी कुटुंबाने उभी केलेली लहान वाइनरी. मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. २०२१ मध्ये ती सुलाने विकत घेतली. गंगापूर धरणाचे पाणी या भागातून दिसते आणि संध्याकाळी ते फार सुरेख दिसते, हे मान्य केलेच पाहिजे. सुलाला दरवर्षी लाखोंच्या घरात माणसे भेट देतात. त्यामुळे शनिवार-रविवारी, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, तेथे जत्रा असते. मुंबई-पुण्याची गर्दी, मोबाइलवर छायाचित्रे काढणाऱ्यांच्या रांगा आणि मार्गदर्शकाचा आवाज ऐकू न येणे. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठावा.

दुसरा पट्टा इगतपुरी तालुक्यात. नागपूरहून समृद्धीने येणाऱ्यांना तो अधिक जवळचा, कारण भरवीरला उतरले की आपण याच तालुक्यात असतो. येथे सांजेगावला ग्रोव्हर झांपा आहे. बंगळूरुजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी सुरू केलेली ग्रोव्हर कंपनी आणि इगतपुरीची ‘व्हॅले द व्हॅं’ ही कंपनी २०१२ मध्ये एकत्र आल्या, त्यातून हे नाव तयार झाले. मुकणे धरणाच्या बाजूला कावनई परिसरात व्हॅलोने ही लहान वाइनरी आहे. या बाजूला गर्दी कमी आणि बोलायला वेळ अधिक. ज्याला वाइन कशी बनते हे खरोखर समजून घ्यायचे आहे, त्याने या पट्ट्यापासून सुरुवात करावी असे आमचे मत आहे. ज्याला मित्रमंडळींसह दिवस घालवायचा आहे, त्याला गंगापूरचा रस्ता बरा.

यांखेरीज दिंडोरी, निफाड आणि विंचूर भागातही वाइनरी आहेत. त्यांतील काही पाहुण्यांसाठी खुल्या नसतात, काही आधी कळविल्यास दाखवितात. नाशिकबाहेर सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेली आहे. मोहिते-पाटील कुटुंब आणि इटलीतील सेक्की बंधू यांनी भागीदारीत तिची उभारणी केली. पंढरपूरच्या वाटेवरची ही जागा मात्र नाशिकच्या एका दिवसात बसणारी नाही.

सकाळी दहा-साडेदहाला पहिली वाइनरी, दुपारचे जेवण दुसऱ्या ठिकाणी आणि संध्याकाळी तिसरी, याहून अधिक काही आखू नये. तीन वाइनरी म्हणजे सुद्धा जास्तच, दोन उत्तम. फेरी आणि चव यांसाठी प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास लागतो. नोंदणी आधी करावी आणि शुल्क किती, त्यात किती वाइन चाखायला मिळतात, हे तेव्हाच विचारून घ्यावे. वयाचा पुरावा जवळ ठेवावा. २१ वर्षांखालील मुलांना वाइनरी पाहता येते, पण चव घेता येत नाही. २६ जानेवारी हा दिवस नेमका हंगामात येतो आणि तो कोरडा दिवस असतो, हे लांबच्या पाहुण्यांच्या लक्षात राहत नाही. आषाढी-कार्तिकी एकादशी आणि निवडणुकांचे दिवस यांचीही चौकशी करावी. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वात, म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून २०२७ मध्ये, राहण्याची जागा मिळणे अवघड जाईल हेही ध्यानात घ्यावे.

आत काय पाहायचे?

फेरी बहुधा बागेच्या कडेने सुरू होते. खाण्याच्या द्राक्षांची बाग मंडपासारखी डोक्यावर पसरलेली असते. वाइनच्या बागेत वेली तारांवर उभ्या रांगेत बांधलेल्या दिसतात. वेलीच्या बुंध्याशी वाकून पाहिल्यास कलमाची गाठ दिसते. मुळे एका जातीची, वरची वेल दुसऱ्या जातीची. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीने युरोपातील द्राक्षबागा मुळांतून पोखरून टाकल्या. अमेरिकी द्राक्षवेलीची मुळे त्या किडीला दाद देत नाहीत, हे कळल्यावर कलमांची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रात खुंटाचा आणखी एक उपयोग असा की, कमी पाणी आणि खारवट जमीन तो सोसतो.

तोडणी बहुतेक पहाटे किंवा रात्री करतात, कारण तापलेले द्राक्ष टोपलीतच आंबू लागते. त्याआधी दाण्यांतील साखर मोजली जाते. तिचे मोजमाप ब्रिक्स या एककात होते. २२ ते २४ ब्रिक्सच्या आसपास द्राक्षे तोडणीला आली असे मानतात. एक लिटर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर असली की तिच्यापासून साधारण एक टक्का मद्यार्क तयार होतो. वाइनमध्ये ११ ते १४ टक्के मद्यार्क असतो तो या हिशेबाने. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला एक किलोहून थोडी अधिक द्राक्षे लागतात.

यानंतर येतो तो खरा भेद. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस काढतात आणि नुसता रस आंबवतात. तांबड्या वाइनसाठी साल आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे रंग व तुरटपणा उतरतो. काळ्या द्राक्षांचा रसही मुळात जवळजवळ रंगहीनच असतो, रंग सालीचा. साल काही तासच रसात ठेवली तर गुलाबी वाइन होते. आणि पांढऱ्या द्राक्षांची साल मुद्दाम रसात ठेवून जी वाइन करतात तिला ‘ऑरेंज वाइन’ म्हणतात. नागपूरकरांनी येथे विशेष सावध राहावे, कारण तिच्यात संत्र्याचा थेंबही नसतो. नाव केवळ रंगावरून पडले आहे.

आंबवण्याचे काम यीस्ट करते. या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि उष्णता वाढली की गंध उडून जातो. म्हणून पोलादी टाक्यांना थंड पाण्याचे वेष्टन असते. पांढरी वाइन थंड तापमानात हळूहळू आंबवतात, तांबडी थोड्या अधिक उष्णतेत. मार्गदर्शक टाकीवरच्या तापमापकाकडे बोट दाखवील तेव्हा तो आकडा वाचावा. वाइनरीची सारी वीज तेथे खर्ची पडत असते. नंतर ओकच्या लाकडी पिंपांचे कोठार. एका पिंपात २२५ लिटर वाइन मावते. लाकडातून तिला व्हॅनिला, धूर, मसाल्यासारखा गंध मिळतो आणि सूक्ष्म छिद्रांतून थोडी हवा मिळून तुरटपणा मऊ होतो. ही पिंपे परदेशातून येतात आणि काही हंगामांनी त्यांचा गंध संपतो. तांबडी वाइन महाग का, याचे अर्धे उत्तर या कोठारात आहे.

फेसाळ वाइनच्या विभागात बाटल्या तिरक्या, मान खाली करून लावलेल्या दिसल्या तर थांबावे. तयार वाइन बाटलीत भरून तिच्यात पुन्हा थोडी साखर व यीस्ट घालतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते आणि वायू आत कोंडला जातो. उरलेला गाळ बाटली फिरवत फिरवत मानेशी आणतात, मान गोठवून तो काढून टाकतात आणि मग बूच बसवतात. या पद्धतीची वाइन फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात झाली तरच तिला शॅम्पेन म्हणता येते. नाशिकची ती फेसाळ वाइन. लग्नसमारंभात आपण सरसकट शॅम्पेन म्हणतो, तो भाग निराळा. नाशिक खोऱ्यातील वाइनलाही आता स्वतःचे भौगोलिक मानांकन आहे.

हंगामात काही वाइनरी द्राक्षे पायाने तुडविण्याचा कार्यक्रम ठेवतात. मौज म्हणून ठीक. त्या द्राक्षांची वाइन बाजारात येत नाही, तेव्हा चिंता नसावी.

चव कशी घ्यावी?

दालनात चार ते सहा वाइन थोड्या-थोड्या, प्रत्येकी ३० मिलिलिटरच्या आसपास, दिल्या जातात. क्रम हलक्याकडून जडाकडे : आधी फेसाळ, मग पांढरी, गुलाबी, तांबडी आणि शेवटी गोड. पेला दांड्याला धरावा. हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहावा. पेला हलकेच गोल फिरवावा, म्हणजे गंध मोकळा होतो. मग नाक पेल्यात घालून हुंगावे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग गंधच असतो. सर्दी झालेल्याने वाइनरीत पैसे घालवू नयेत. छोटा घोट घेऊन तोंडात सर्वत्र फिरवावा. जिभेच्या कडांना पाणी सुटले तर आम्लता, हिरड्या आवळल्या तर टॅनिनचा तुरटपणा.

मार्गदर्शक पेरू, लीची, काळी मिरी, जांभूळ, ओली माती असे गंध सांगत जातो. ते आले नाहीत तरी हो म्हणण्याचे कारण नाही. त्याने सांगण्यापूर्वी स्वतःला काय आठवले ते मनाशी ठरवावे. वऱ्हाडी माणसाला मोहाच्या फुलांचा वास आठवला तर तो चूक नसतो. यीस्टने साखर खाल्ल्यावर तयार होणारे काही सुगंधी पदार्थ दोन्हीकडे सारखे असू शकतात. जाता जाता, राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मोहफुले आणि काजूच्या बोंडांपासून मद्यनिर्मितीला चालना देणारे धोरण मंजूर केले. विदर्भातील या फुलांना द्राक्षांसारखा थाट कधी लाभेल, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

प्रत्येक टेबलावर एक भांडे असते, ते थुंकण्यासाठी. पैसे मोजून घेतलेली वाइन थुंकायची ही कल्पना आपल्या मनाला पटत नाही आणि चारचौघांत संकोचही वाटतो. परंतु जगभर व्यावसायिक परीक्षक तेच करतात, आणि त्यामागे शुद्ध गणित आहे.

ते गणित असे. ३० मिलिलिटरच्या सहा वाइन म्हणजे १८० मिलिलिटर. मद्यार्क साडेबारा टक्के धरला तर शरीरात साधारण १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेले. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे ‘नुसती चव घेतली’ असे म्हणत बाहेर पडणाऱ्याने जवळजवळ दोन पेग घेतलेले असतात. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात तेवढ्याने १०० मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल पोहोचू शकते. स्त्रियांमध्ये आणि कमी वजनाच्या व्यक्तींमध्ये त्याहून अधिक. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे पहिल्याच वाइनरीच्या फाटकातून गाडी बाहेर काढताना चालक गुन्हेगार ठरू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तेव्हा नाशिकमध्ये चालकासह गाडी भाड्याने घ्यावी किंवा कुटुंबातील एकाने त्या दिवशी पेल्याला हात लावू नये. समृद्धीवर ताशी १२० किलोमीटर वेगाने, एकसुरी सरळ रस्त्यावर सहाशे किलोमीटर परत यायचे असेल, तर रात्री नाशिकला मुक्काम करून सकाळीच निघावे. याबाबतीत तडजोड नको.

बाटल्या आणाव्यात का?

दालनाला लागूनच दुकान असते आणि तेथे हात आखडत नाही. पण नागपूरच्या वाचकाने येथे नकाशा डोळ्यांसमोर आणावा. महात्मा गांधींच्या वास्तव्याने पावन झालेल्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. तळेगाव-कारंजामार्गे येणारा अमरावतीचा जुना राष्ट्रीय महामार्गही वर्धा जिल्ह्यातून जातो. रेल्वे तर वर्धा स्थानकावरूनच येते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, हे बहुतेकांच्या गावीही नसते. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातून गाडीच्या डिकीत बाटल्या घेऊन जाणे म्हणजे तपासणीत कारवाईला आमंत्रण. वाइन ही सौम्य आहे, भेट म्हणून आणली आहे, कर भरला आहे, यांतील कोणताही युक्तिवाद तेथे उपयोगी पडेल अशी खात्री बाळगू नये. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत १९९३ पासून ती कायम आहे. भेट द्यायची ती व्यक्ती तिकडची असेल तर हाही विचार करावा.

सरळ उपाय असा की, आवडलेल्या वाइनचे नाव टिपून घ्यावे आणि ती नागपुरातील परवानाधारक दुकानातून घ्यावी. मोठ्या वाइनरींच्या बहुतेक वाइन शहरात मिळतात. लहान वाइनरीची एखादी मिळत नाही, ती तेथेच बसून चाखावी. शिवाय वाइनला उन्हाचे वावडे आहे. मार्च महिन्यात बंद गाडीच्या डिकीत दिवसभर तापलेली बाटली नागपूरला पोहोचेपर्यंत शिजलेली असते; तिची चव सपक, उकडलेल्या फळासारखी लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात घरीही बाटली कपाटात ठेवू नये, फ्रिजमध्ये ठेवावी. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते. जुनी ती चांगली, हा नियम थोड्या निवडक तांबड्या वाइनचा आहे; साधी पांढरी वाइन दोन वर्षांत संपवावी.

जेवणाबाबत एक स्थानिक सूचना. सावजी रस्शासोबत जड तांबडी वाइन घेऊ नये. मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग भडकवतात आणि मग ना मटणाची चव कळते ना वाइनची. किंचित गोडसर, थंडगार शनें ब्लां अशा जेवणाला अधिक सोसते.

आरोग्यासाठी वाइन चांगली, असे सांगणारा एखादा सहप्रवासी प्रत्येक सहलीत भेटतोच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की, आरोग्याला सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. हा इशारा वाइनलाही लागू आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विक्रीला मुभा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही हाच वाद पेटला होता. सरकारने द्राक्ष उत्पादकांचे हित पुढे केले. विरोधी पक्ष आणि अण्णा हजारे यांनी कडाडून विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही. राज्यातील एकूण द्राक्ष उत्पादनात वाइनच्या द्राक्षांचा वाटा अत्यल्प आहे, हे त्या गदारोळात दोन्ही बाजूंनी फारसे कोणी सांगितले नाही. नाशिकच्या बहुसंख्य द्राक्ष बागायतदारांचे भवितव्य आजही खाण्याच्या द्राक्षांवर आणि निर्यातीवर ठरते. वाइनरीहून परतताना पिंपळगाव बसवंत किंवा ओझरच्या बाजूला वळल्यास त्या बागाही पाहता येतील आणि हंगामात रस्त्याकडेला पेटीभर द्राक्षे विकत घेता येतील. त्यांना वर्ध्यात कोणी अडविणार नाही.